शाळेला दिलेलं तेल

श्रावणात घाटात दरड कोसळली आणि शाळेच्या खिचडीचं तेल संपलं, तिथून हे सगळं सुरू झालं. नाहीतर मालनच्या हाताला कुणी नाव ठेवावं असं आजवर काही घडलं नव्हतं.

सावर्ड्यापासून आत, डोंगराच्या अंगाला गाव. गावाच्या तोंडाशी तीन रस्त्यांचा तिठा आणि तिठ्यावर मालनची वड्याची गाडी. सकाळी शाळेत खिचडी शिजवायची, दुपारनंतर तिठ्यावर वडे तळायचे, असा तिचा दिवस. नवरा संदेश मुंबईत एका गोदामावर राखणीला. शिमग्याला आणि गणपतीला दिसायचा, आणि दिसला की आधी झोप काढायचा. घर चालायचं ते मालनच्या दोन हातांवर. त्याबद्दल तिची कधी तक्रार नव्हती. तिचा हट्ट एकच. पोरगी सानवी नववीत होती, हुशार होती. दहावी झाली की तिला चिपळूणला सायन्सला घालायची. वड्यांचा काय भरवसा, पाऊस लागला की गाडीवर माणूस फिरकत नाही. शाळेची चूल मात्र वर्षभर पेटते. ती चूल हातात आहे तोवर पोरगी शिकेल, हे मालननं मनाशी पक्कं धरलं होतं.

तर दरड कोसळली आणि सामानाचा टेम्पो घाटापलीकडे अडकला. तेलाचा डबा उपडा करून मालननं तळाचे थेंबसुद्धा निपटून घेतले आणि पदराला हात पुसत हेडमास्तरांच्या टेबलापुढे जाऊन उभी राहिली.

"सर, तेल संपलं. दुकानात पण नाय. आज फोडणी कशात घालू?"

हेडमास्तर हरिश्चंद्र सर माणूस वाईट नव्हे. रोज पूजा करून शाळेत येणारा, पोरांवर हात न उगारणारा. फक्त आपल्या अंगावर कधी काही येऊ नये, एवढं एकच त्यांना आयुष्यात हवं होतं. अशा माणसांपासून जपून राहावं लागतं, पण मालनला कुठलं ते कळायला.

"बघा ना मालनताई, तुमच्याकडचं काहीतरी," सर म्हणाले. "पोरं लांबून चालत येतात. उपाशी नको जायला."

मालन तशीच पावसात घरी गेली. आदल्या दिवशी तिठ्यावर एक घाणा काढून उरलेलं तेल होतं. ते तिनं धुवट फडक्यातून गाळलं, डोळ्यांसमोर धरून पाहिलं, आणि टोपात घातलं. "मावशी, आज खिचडीला वड्याचा वास येतोय," म्हणत पोरांनी पुन्हा पुन्हा वाढून घेतलं. हरिश्चंद्र सरांनीही वाटीभर खाऊन मान डोलावली. कुणाचं पोट दुखलं नाही. रस्ता मोकळा झाला, टेम्पो आला, आणि ही गोष्ट मालनच्या डोक्यातून निघूनही गेली.

मग गणपती झाले. शाळेत विज्ञानाला विनीत सर म्हणून नवे मास्तर आले होते, सांगलीकडचे, कोवळे, उत्साही. त्यांनी नववीच्या पोरांना सांगितलं, घरात तळून खराब झालेलं तेल घेऊन या, आपण त्याचं डिझेल करू. तालुक्याच्या प्रदर्शनात मांडू.

सानवी घरी आली ती नाचतच. "आई, सरांनी तेल मागितलंय. जेवढं खराब तेवढं चांगलं, म्हणाले."

मालन हसली. "अगो, मग आपल्याकडे खाण हाय त्याची."

गोठ्याच्या आढ्याला एक डबा टांगलेला असायचा. कढईच्या तळाचा जळका गाळ, करपलेलं पीठ, काजळी, सगळं शिमग्यापासून त्यात साठत जायचं. पावसाळ्याआधी ते तेल गोठ्याच्या लाकडी मेढींना चोपडलं की वाळवी लागत नाही. तिची सासूही तेच करायची. ते तेल माणसाच्या पोटात जायचं नव्हतंच, लाकडाच्या पोटात जायचं. त्यातलं उरलेलं मालननं मोठी बाटली भरून काढलं. डांबरासारखं जड तेल, ओतताना धारसुद्धा धड पडत नव्हती.

सानवी जरा बिचकली. "आई, हे लयच काळं दिसतंय."

"सरांना खराब हवंय ना? मग हे घे खराब. शाळेनं मागितलं तर हात आखडून द्यायचं काय?"

आता गंमत बघा. तेच बोलावणं वाडीतल्या प्रत्येक घरात गेलं होतं. शेजारच्या कमळानं बाटलीत आधी पिशवीतलं ताजं तेल ओतलं आणि वर रंगापुरतं पुऱ्या तळलेलं घातलं. का, तर लोक म्हणतील, हिच्याकडे असलं तेल खातात. दुसऱ्या बायांनीही तेच केलं. कुणी कुणाला सांगितलं नव्हतं, पण अक्कल सगळ्यांना एकच सुचली. अख्ख्या वाडीत शाळेचा शब्द खरा धरून वागली ती एकटी मालन. हात दाखवून अवलक्षण म्हणतात, ते हेच.

शाळेचं स्वयंपाकघर आणि प्रयोगाची खोली यांच्यात एक पातळ भिंत आणि एक खिडकी. मालन बाहेर पागोळीखाली बसून नारळाच्या सोडणानं आणि राखेनं टोप घासत होती. खिडकीत बाटल्या ओळीनं मांडलेल्या, प्रत्येकीवर पोरांची नावं. सगळ्या पिवळ्याधमक, आणि मधे एक काळी.

"आता बघा," आत विनीत सर सांगत होते. "तेल जितकं जास्त तळलेलं, तितकं ते आंबट होतं. हळदीवर सोडा पडला की ती कुंकवासारखी लाल होते, ठाऊक आहे ना? तेल आंबट असेल तर हळद लाल व्हायला जास्त सोडा लागणार. मोजा थेंब."

कमळाच्या बाटलीतलं तेल लगेच लाल झालं. एकेक करून बाकीच्यांचंही झालं. मग सानवीची पाळी आली. थेंब पडत राहिले, हळद पिवळीची पिवळीच. पोरं आधी गप्प होती, मग कुजबुजायला लागली, आणि मागल्या बाकावरून कुणीतरी ओरडलं, "सर, वडे तळायचं तेल हाय ते! तिठ्यावरलं!"

सगळा वर्ग फिदीफिदी हसला. सरांनी दटावलं, पण त्यांच्या स्वतःच्याच अंगात आलेलं. "अरे हसता काय, असंच तेल हवं होतं मला! याचं डिझेल झालं तर कशाचंही होईल!"

मालनला थेंबांचं काही कळलं नव्हतं. सर खूश झाले एवढं कळलं, म्हणून ती क्षणभर सुखावली. मग तिला खिडकीतून सानवीची मान दिसली, खाली गेलेली, आणि कानाच्या पाळ्या लाल झालेल्या. मालनचे टोपातले हात थांबले.

संध्याकाळी पोरगी तोंड फुगवून बसली. "दुसरं तेल का नाय दिलंस?"

"तूच म्हणालीस ना, खराब द्यायचं."

"सगळ्यांनी काय दिलं ते बघितलंस? तुला काय कळतच नाय आई!"

"नाय कळत बाय," मालन म्हणाली. "उद्या सांगते मी सरांना, ते गोठ्यातलं होतं म्हणून."

तिनं सांगितलंही. विनीत सरांनी ऐकून घेतलं, "काही हरकत नाही मावशी, भारी तेल होतं," म्हणाले आणि कामाला लागले. त्यांना वाटलं, विषय मिटला. पोरांनी ते तेल तापवून गाळलं, त्यातलं पाणी उडवलं, सोड्याचं औषध घालून घुसळलं, निवत ठेवलं. खाली चॉकलेटी गाळ बसला, वर सोनेरी तवंग आला. तो धुऊन धुऊन त्यांनी पाणी उपसायच्या एका जुन्या इंजिनात घातला आणि चाक फिरवलं. इंजिन धडधडत सुरू झालं. टाळ्या पडल्या, फोटो निघाले. फोटोत सानवी एका कडेला होती, अर्धी.

पण बाटली काही शाळेत राहिली नाही. ती गावभर फिरली.

"मालने, एक प्लेट डिझेल दे गो," रिक्षावाले म्हणायला लागले. आधी हसून वडा घ्यायचे. मग नुसतं हसायचे. पुढं पुढं गाडीसमोर रिक्षा थांबेनाशी झाली. मालननं नवं तेल आणलं, पिशवी गिऱ्हाइकांसमोर फोडायला लागली. तर त्यावरही लोक म्हणाले, बघा, आता चांगलं आणतेय, म्हणजे आधी काय घालत होती! उरलेले वडे ती घरी न्यायची आणि मायलेकी ते चहात बुडवून खायच्या. तापलेल्या कढईवर तासन्‌तास उभं राहून तिच्या पोटऱ्या सुजायच्या, हातावर शिंतोड्यांचे जुने डाग होते त्यात नव्यांची भर पडायची, आणि एवढं करून रस्ता रिकामाच.

त्यातच पाचवीतली काही पोरं ओकली. खरं सांगायचं तर त्या पोरांनी आदल्या दिवशी महिपतच्या मळ्यातले अर्धेकच्चे चिबूड चोरून पोटभर खाल्ले होते. महिपत म्हणजे गावचा मानकरी, देवळातला पहिला शब्द त्याचा. आणि चोरांत पुढं कोण, तर त्याचाच नातू बाबू. आजोबांच्या काठीपुढं ते कार्टं चिबडाचं नाव घेतंय होय? "शाळेत काय खाल्लंस?" म्हणून आजीनं विचारलं, तर "खिचडी" म्हणून मोकळा झाला. झालं! खिचडी कोण करते? मालन. मालनचं तेल कसलं? काळं. साप साप म्हणून भुई धोपटायला गाव तयारच होता.

शाळेत सभा झाली. आयाबाया तोंडाला येईल ते बोलल्या. ज्यांच्या दारात मालन बाळंतपणाला रात्र रात्र बसली होती, त्यासुद्धा. शेवटी महिपतनं काठी आपटली. "भांडान काय व्हनार नाय. रविवारी देवळात यायचं. नारळावर एक हात, पोरीच्या डोक्यावर एक हात, नि मालननं सांगायचं, शाळेच्या टोपात गाडीवरलं तेल कधी घातलं नाय. शपथ घेतली की गावानं तोंड बंद करायचं नि तिनं खुशाल चूल पेटवायची. देवापेक्षा कोण मोठा हाय?"

सगळ्यांनी माना डोलावल्या. मालनला मात्र त्या क्षणी दरडीचा दिवस आठवला.

दुसऱ्या दिवशी ती हरिश्चंद्र सरांना शाळेच्या विहिरीपाशी गाठून म्हणाली, "सर, तेवढं तुमी सांगा सभेला. त्या दिवशी तुमीच बोललात, तुमच्याकडचं बघा म्हणून."

सरांनी इकडे तिकडे पाहिलं. "मी 'बघा' म्हणालो, मालनताई. गाडीवरचं घाला म्हणालो का? तेल कुठलं, ते मी विचारलंही नाही."

"पण सर, तुमी पण खाल्लीत की."

"माझं निवृत्तीचं वर्ष आहे हो," सर म्हणाले. त्यांचा आवाज अगदी रडवेला झाला होता. "एकदाच तर झालंय. घेऊन टाका शपथ. मनात खोट नसली की देव समजून घेतो."

संदेशला तिनं फोन लावला तर तोही तेच बोलला. "घे शपथ नि मोकळी हो. देव काय कॅमेरा लावून बसलाय?"

"सानवीच्या डोक्यावर हात ठेवायचाय."

पलीकडे कुणीतरी गोदामाचं शटर ओढल्याचा आवाज आला. मग संदेश म्हणाला, "मग... तू बघ," आणि त्यानं फोन ठेवला. जो तो तिला बघच म्हणत होता!

रविवारी उघडीप होती. देवळाच्या मंडपात पुरुष एका अंगाला, बाया एका अंगाला. मधे पाटावर नारळ. सानवी शाळेच्या गणवेशात आली होती. महिपतच म्हणाला होता, पोर शाळेची दिसू दे.

विनीत सर मागून उठले. "एक बोलू का? ते काळं तेल गोठ्यातलं होतं, मावशींनी मला सांगितलंय. आणि शपथेची काय गरज? खिचडी तपासायला पाठवता येते..."

"सर, तुमी पाहुणे," महिपत शांतपणे म्हणाला. "तुमच्या बाटलीनंच हे पेटलंय. बसा."

सर बसले. त्यांचीही नोकरी अजून कायम व्हायची होती.

महिपतनं देवाला गाऱ्हाणं घातलं. गाव 'व्हय म्हाराजा' म्हणाला. मालन पुढं झाली. ती म्हणाली, "त्या काळ्या तेलाचा थेंब मी कधी पोरांच्या पोटात घातला नाय. ह्यावर मी हात ठेवते. आत्ता ठेवते."

"तसं नको," महिपत म्हणाला. "ठरलंय ते म्हण. गाडीवरलं तेल एकदाही टोपात पडलं नाय."

मालननं नारळावर डावा हात ठेवला. समोर हरिश्चंद्र सर बसले होते, ते मांडीवरच्या टोपीच्या घड्या नीट करत होते. सानवी तिच्यापुढं येऊन उभी राहिली. पोरीनं स्वतःहून मान वाकवली आणि ओठ न हलवता म्हणाली, "आई, ठेव हात. शपथेनं काय होत नाय. मला काय होनार नाय. ठेव."

भांग स्वच्छ पाडलेला होता. सकाळी मालननंच वेण्या घातल्या होत्या. तिनं उजवा हात उचलला. केसांपर्यंत नेला. केसांची ऊब तिच्या तळव्याला लागली, एवढा जवळ नेला. मनात आलं, टेकव. टेकवला की चूल आपली, चिपळूण आपलं, वाडी गप्प. आणि मग तिला दिसायला लागलं, पोरगी उद्या भरून वाहणारा पऱ्या ओलांडतेय, परवा एसटीत चढतेय, कधी तापानं फणफणतेय. दर वेळी मनात येणार, आपण हात ठेवला होता. जन्मभर येणार.

मग तिनं हात मागं घेतला.

"एकदा पडलंय," मालन म्हणाली. "दरड कोसळली तेव्हा. चांगलं गाळून घातलं होतं. सरांनी सांगितलं, तुमच्याकडचं बघा, पोरं उपाशी नकोत."

मंडपात एकच गलका उठला. महिपतनं काठी आपटून तो थांबवला आणि हेडमास्तरांकडे वळला. "काय सर?"

हरिश्चंद्र सर उभे राहिले. त्यांनी देवाला हात जोडले आणि म्हणाले, "गाडीवरचं तेल घाला असं मी कधीही सांगितलेलं नाही." शब्द अन् शब्द खरा होता! त्यांना कुणी नारळावर हात ठेव म्हटलं नाही. सरांच्या डोळ्यांत पाणी आलेलं सगळ्यांनी पाहिलं आणि बायांना त्यांची कीव आली.

पुढं काही उरलंच नव्हतं. सोमवारपासून चूल कमळाकडे द्यायचं ठरलं. कमळा पदर तोंडाला लावून म्हणाली, "मी काय मागितलेलं नाय हो, गाव सांगतंय म्हणून." पायरीवर हरिश्चंद्र सरांनी हळूच हात पुढं केला. मालननं पदराच्या गाठीतली शाळेच्या कोठीची चावी सोडून त्यांच्या हातावर ठेवली. गाठ घट्ट होती, दातांनी सोडावी लागली, आणि तेवढा वेळ सगळा गाव बघत उभा होता.

मायलेकी घरी निघाल्या. सानवी पुढं, मालन मागं. मळ्यात भात पोटरीला आलं होतं. वाटेत भेटलेल्या दोघी बायका बांधावर बाजूला झाल्या, एरवी व्हायच्या त्यापेक्षा जास्तच. बाबू चिबडाच्या मळ्याच्या कुंपणाशी उभा होता. तो मालनला बघून पळाला. मालनला वाटलं, पोर आपल्याला घाबरलं.

घराच्या खळ्यात पोचल्यावर सानवी वळली. रडून तिचा चेहरा सुजला होता.

"काय झालं असतं मला? सांग ना. ताप आला असता? मेली असते?"

"मला ठाऊक नाय," मालन म्हणाली.

"नुसता हात ठेवायचा होता, आई! एक हात!"

"ठाऊक नाय, म्हणूनच नाय ठेवला गो बाय."

"आता मी काय करू? चिपळूणला कोण घालनार मला? तुझी गाडी?" पोरगी मटकन पायरीवर बसली आणि गुडघ्यांत तोंड घालून हुंदके द्यायला लागली.

मालन तिच्याजवळ टेकली. सवयीनं तिचा हात पोरीच्या डोक्याकडे गेला.

सानवीनं डोकं बाजूला घेतलं.

"आता नको ठेवू," ती म्हणाली.

मालननं हात मांडीवर ठेवला आणि ती तशीच बसून राहिली. थोड्या वेळानं सानवी उठून आत गेली आणि तिनं दार लोटून घेतलं.